आधी भिंत पाहा

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, ते मास्तर दिवसभर शाळेत शिकवायचे आणि संध्याकाळी कामगारवस्तीत फिरायचे. एखादं मूल दोन दिवस शाळेत दिसलं नाही, तर ते निरोप पाठवत नसत. स्वतः त्याच्या घरी जाऊन उंबऱ्यात उभे राहत. मी डॉक्टर. पिंपरी-चिंचवडमधल्या मोशीला माझा दवाखाना आहे. मास्तरांची ही सवय मला ऐकून माहीत होती, पण तिच्यात माझ्या धंद्यासाठी काही शिकण्यासारखं आहे हे कळायला मला फार वर्षं लागली. आजचा विषय त्यातूनच आला आहे. संयोजकांनी विचारलं, 'कशावर बोलणार?' मी म्हणालो, भिंतीच्या ओलीवर. ते थोडे थबकले. स्मृती व्याख्यानाला हा विषय लहान वाटेल, हे मला ठाऊक आहे. तो लहान का नाही, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी चाकणजवळच्या कुरुळीहून एक चार वर्षांचा मुलगा माझ्याकडे यायचा. वडील सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात कंत्राटावर, आई घरी, गाव परभणी जिल्ह्यातलं. मुलाला खोकला. रात्री दोन-अडीचला उठून बसायचा, छाती वाजायची. मी नेब्युलायझर दिला, पंप दिला, दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स दिला. एका वर्षात त्याच्या केसपेपरवर अकरा भेटी झाल्या. त्याची आई एक गोष्ट दर वेळी सांगायची: 'डॉक्टर, दिवाळीला गावी नेला की एकदम चांगला राहतो. परत आणला की तिसऱ्या रात्री सुरू.' मी मान डोलवायचो आणि चिठ्ठी लिहायचो. रोगाचं निदान ती माउली माझ्या पुढ्यात ठेवत होती आणि मला ते ऐकू येत नव्हतं.

मग एका रविवारी त्याच इमारतीत एका आजोबांना बघायला जावं लागलं. जिन्यात ती भेटली, चहाला थांबा म्हणाली. दहा बाय दहाची खोली. कोपऱ्यात मोरी. एकच खिडकी, तीही डक्टमध्ये उघडणारी, डासांमुळे बंद केलेली. एका भिंतीवर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स ठोकला होता आणि त्याच भिंतीला लागून मुलाची गादी होती. फ्लेक्स कशाला लावलाय म्हणून विचारलं, तर ती ओशाळली. 'पोपडे अंगावर पडतात ना.' मी खालची कड उचलली. आत प्लास्टर दिसतच नव्हतं. खालपासून छातीइतक्या उंचीपर्यंत काळा-हिरवा थर आणि बंद ठेवलेल्या माठातून येतो तसा कुबट वास. मुलाची उशी तिथून एक वीतभर लांब होती.

ती पुढे जे बोलली, ते मी विसरलो नाही. 'मी घर दोनदा झाडते, डॉक्टर. फिनेलनं पुसते. माझंच काही चुकतंय का?'

तिचं काही चुकत नव्हतं. वरच्या खोलीच्या मोरीतल्या नहाणी ट्रॅपचा सांधा सुटला होता आणि वरच्या बिऱ्हाडाच्या आंघोळीचं पाणी रोज थोडं थोडं या भिंतीत उतरत होतं. खोलीमालक भला माणूस होता. जमीन एमआयडीसीत गेली, आलेल्या पैशांतून त्यानं चोवीस खोल्या बांधल्या. इमारत कशी बांधावी हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पावसाळ्यात सगळ्यांच्याच भिंती ओल्या होतात, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. प्लंबरचं काम दोन दिवसांत झालं. भिंत आतून सुकायला मात्र अख्खा हिवाळा गेला. पुढच्या वर्षी तो मुलगा माझ्याकडे तीनदा आला. पंप त्याला अजून लागतो, कारण दमा एकट्या बुरशीमुळे होत नाही. पण तो रात्री झोपू लागला.

तेव्हापासून मी हिशेब करायला लागलो. तो तुमच्यासमोर मांडतो, कारण खोलीत पाणी कुठून येतं हे एकदा समजलं की निम्मं काम होतं.

दहा बाय दहाची, नऊ फूट उंचीची खोली म्हणजे साधारण २५ घनमीटर हवा. २५ अंश तापमानाला इतकी हवा वाफेच्या रूपात जास्तीत जास्त सहाशे मिलिलिटरच्या आसपास पाणी धरू शकते. श्रावणात आपल्याकडची हवा आधीच ८५ टक्के भरलेली असली, तर खोलीत उरलेली जागा शंभर मिलिलिटरपेक्षाही कमी. म्हणजे एक कप चहाइतकी. आता बघा, त्या खोलीत आपण काय काय ओततो. माणूस रात्रभर झोपला तरी श्वासातून आणि घामातून पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतो. तिथे चार माणसं झोपतात. पिळून दोरीवर टाकलेले कपडे दोन-तीन लिटर पाणी सोडतात. आणि गॅस. स्वयंपाकाचा गॅस जळतो तेव्हा त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं. १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत सुमारे २२ लिटर पाणी तुमच्या स्वयंपाकघराच्या हवेत गेलेलं असतं. कामगारांच्या खोल्यांत दिसणारा पाच किलोचा छोटा सिलिंडर आठ लिटर सोडतो. भाताची वाफ वेगळीच.

एवढं पाणी हवेत मावत नाही. मग ते खोलीतली सगळ्यात थंड जागा शोधून तिथे बसतं. पावसाकडची भिंत, छताचा कोपरा, कपाटामागची बाजू, जिथे हवा फिरत नाही अशी प्रत्येक जागा. पत्र्याच्या खोल्यांत राहणारे लोक म्हणतात, पत्र्याला घाम आला. पहाटे तो घाम अंथरुणावर ठिबकतो. भिंतीलगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला प्रत्यक्ष गळतीचीही गरज उरत नाही. खायला तिला धूळ पुरते, पुट्टीवरचा रंग पुरतो, प्लायवुड पुरतं, पुठ्ठा पुरतो. ओली झालेली वस्तू एक-दोन दिवसांत सुकली नाही तर तिच्यावर बुरशी धरायला लागते.

चाकणच्या पट्ट्यातली एक गोष्ट मी दुसरीकडे फारशी पाहिलेली नाही. निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी भागात पोरं कॉट बेसिसवर राहतात. फर्स्ट शिफ्टवाला उठला की नाइटवाला येऊन त्याच कॉटवर पडतो. ती खोली चोवीस तासांत कधी रिकामी होत नाही. दिवसा झोपणाऱ्याला उजेड नको, म्हणून खिडकीला पुठ्ठा. गादीला ऊन कधी लागतच नाही. आपल्या आया गोधड्या उन्हात का टाकायच्या, दिवाळीआधी भिंतींना चुना का मारायच्या, याचा मी अलीकडे पुन्हा विचार करतो. पावसाळा संपलेला असायचा, आश्विनातलं ऊन कडक असायचं आणि चुना इतका अल्कधर्मी की त्यावर बुरशीला जगणं अवघड. शिवाय चुन्याची भिंत आतली ओल बाहेर सोडते. ओल्या भिंतीवर ऑइल पेंट मारला की ओल आतल्या आत कोंडते आणि महिन्याभरात पापुद्रा सुटतो. जुन्या घरांचे गोडवे गाण्यासाठी मी हे सांगत नाही. त्या घरांत चुलीचा धूर होता आणि त्यानं किती बायकांची फुप्फुसं गेली, ते मी पाहिलं आहे. पण भिंतीनं श्वास घ्यावा ही समज तिथे होती आणि आपण ती टाकून दिली.

हे फक्त खोल्यांचं दुखणं आहे असं कुणाला वाटत असेल, तर रावेत, पुनावळे, वाकड, मोशी इथल्या नव्या टॉवरमध्ये चला. पश्चिमेकडून येणारा पाऊस झोडपतो ती बाहेरची भिंत, तिला पडलेली केसासारखी चीर, भिंतीत गाडलेले पाइप आणि नेमक्या त्याच भिंतीला छतापर्यंत भिडवलेलं वॉर्डरोब. दोन वर्षांनी कपड्यांना वास येऊ लागतो. आणि नदीकाठी, सांगवी-दापोडीकडे, जुलै २०२४ मध्ये ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना विचारा, गाळ काढल्यानंतर भिंती सुकायला किती दिवस लागले.

आता थोडं आपल्या गावाबद्दल. बुरशी या शब्दाशी पिंपरीचं नातं एमआयडीसीच्याही आधीचं आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं १९६२ साली. त्याच्या आठ वर्षं आधी, १९५४ साली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि १९५५ साली पेनिसिलिन तयार होऊ लागलं. आपण ज्याला नुसतं 'एच.ए.' म्हणतो, तो हा कारखाना. पेनिसिलिन म्हणजे पेनिसिलियम नावाच्या बुरशीनं बनवलेलं औषध. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगच्या काचेच्या बशीत ती आपोआप उगवली होती. इथे तिला मोठमोठ्या टाक्यांत साखर, हवा आणि नेमकी ऊब देऊन वाढवायचे. आणखी एक गोष्ट तर इथल्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत असायला हवी. साठच्या दशकात याच कारखान्यात शास्त्रज्ञ तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्या मातीतला एक जिवाणू शोधला. त्याचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना. त्याच्यापासून बुरशी मारणारं औषध बनलं, हॅमायसिन. म्हणजे बुरशी जगते कशानं आणि मरते कशानं, या दोन्ही गोष्टींचं ज्ञान या गावानं साठ वर्षांपूर्वी कमावलं होतं. ते कारखान्याच्या कुंपणाबाहेर, घरांच्या भिंतींपर्यंत आलं नाही, याची मला खंत आहे.

बुरशीनं होतं काय? ॲस्परजिलसचा एक बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचा असतो. नाकातले केस, घशातला चिकटा यांना चुकवून तो थेट फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोहोचतो. बहुतेकांचं शरीर त्याला तिथेच संपवतं. ज्यांचं संपवू शकत नाही किंवा वाजवीपेक्षा जास्त चिडतं, त्यांचा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. ओलसर घरात राहणाऱ्यांना खोकला, छातीची घरघर, दमा आणि श्वसनमार्गाचे संसर्ग जास्त होतात, याला पुरेसा पुरावा आहे असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. किती बुरशी चालेल याची सुरक्षित मर्यादा मात्र त्यांना ठरवता आली नाही. ओलच राहू देऊ नका, असं ते सांगतात.

आपल्या देशातली एक नोंद मला फार महत्त्वाची वाटते. फुप्फुसाच्या जाळीच्या आजारांची, म्हणजे फुप्फुस हळूहळू कडक होत जाणाऱ्या आजारांची, १९ शहरांतल्या १,०८४ रुग्णांची पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांना श्वासातून जाणाऱ्या सेंद्रिय धुळीच्या, बुरशीच्या ॲलर्जीतून होणारा आजार होता आणि त्या निम्म्यांतल्या निम्म्या लोकांच्या घरात एअर कूलर होते. न धुतलेल्या, ओल्याच राहिलेल्या गवताच्या जाळ्या. आपल्याकडे एप्रिलमध्ये माळ्यावरून कूलर उतरतो आणि तसाच चालू होतो. जुनं गवत टाकून नवीन भरायला फारसा खर्च येत नाही.

क्षयरोग होऊन गेलेल्यांची गोष्ट वेगळी आणि जास्त गंभीर आहे. टीबी बरा झाला तरी फुप्फुसात पोकळी राहू शकते आणि त्या पोकळीत ॲस्परजिलस घर करतो. पुन्हा खोकला, पुन्हा वजन घटणं, कधी थुंकीत रक्त. लोक म्हणतात टीबी उलटला आणि पुन्हा टीबीच्या गोळ्या सुरू होतात. थुंकीत जंतू सापडत नसतील, तर ॲस्परजिलसच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी करायला सांगा. औषध वेगळं असतं.

घाबरवणंही मला मान्य नाही. २०२१ मध्ये कोविडनंतर 'काळी बुरशी' हा शब्द घरोघरी गेला आणि लोक भिंतीवरचा काळा डाग पाहून हादरले. म्युकरमायकोसिस हा आजार वेगळा. त्यात काळं पडतं ते मेलेलं मांस, आणि तो झाला प्रामुख्यानं अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइड एकत्र आलेल्या रुग्णांना. भिंतीवरचा काळा थर म्हणजे तो रोग नव्हे. परदेशात 'विषारी काळी बुरशी' म्हणून एका जातीचा मोठा गाजावाजा झाला. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमधल्या तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांतल्या रक्तस्रावाशी तिचा संबंध जोडला गेला. पण २००० साली तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्रानं फेरतपासणी करून तो संबंध सिद्ध होत नाही असं सांगितलं. कुठली जात आहे हे शोधण्यात पैसे घालवू नका. रंग कुठलाही असो, पाणी कुठून येतंय ते शोधा.

मघाशी त्या आईनं विचारलेला प्रश्न, 'माझंच काही चुकतंय का', तो जगभर बायकांच्या आणि गरिबांच्या गळ्यात मारला जातो. इंग्लंडमधल्या रॉचडेलला अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला. वडील सुदानहून आलेले. घर भाड्याचं, भिंतींना बुरशी. २०१७ पासून ते तक्रार करत होते. त्यांना सांगितलं गेलं, रंग मारा. यांच्या आंघोळीच्या, स्वयंपाकाच्या पद्धतीमुळेच ओल येते, असं घर देणाऱ्या संस्थेतल्या लोकांनी गृहीत धरलं होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्युचौकशीचा निष्कर्ष आला की घरातल्या बुरशीमुळे जडलेल्या श्वसनाच्या आजारानं मूल गेलं. मग त्याच्या नावाचा कायदा झाला आणि २७ ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सामाजिक घरांना तो लागू आहे: गंभीर ओलीची तक्रार आली की दहा कामाच्या दिवसांत तपासणी आणि धोका दिसला की पुढच्या पाच कामाच्या दिवसांत घर सुरक्षित करणं बंधनकारक.

आपल्याकडे काय आहे? नवा फ्लॅट घेतलेल्यांसाठी रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायदा, आहे. कलम १४ सांगतं की ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर तक्रार केल्यापासून ३० दिवसांत बिल्डरनं तो स्वखर्चानं दुरुस्त करायचा. लेखी तक्रार करा, फोटोवर तारीख असू द्या. सोसायटीत राहणाऱ्यांनी आदर्श उपविधी वाचावेत. गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक पाइपमधून झिरपणाऱ्या पाण्याची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चानं व्हायची असते. वरच्या मजल्यावरच्यांनी वर्गणी काढून कोबा करून घेण्याची पद्धत अन्यायाची आहे. पण कुरुळीच्या त्या मुलासाठी? अकरा महिन्यांचा करार, तोही कधी तोंडी. तक्रार केली की उत्तर ठरलेलं: दुसरी खोली बघा.

इथे मला एक बोलायचंच आहे. चाकणच्या मोटार कारखान्यांत पेंट शॉप असतं. गाडीला रंग देताना तिथली हवा मोजून-मापून ठेवतात, तापमान तेवीस-चोवीस अंश, आर्द्रता साधारण ६५ टक्के. काटा सरकला तर लाइन थांबते, कारण दमट हवेत रंगाला दोष येतो. तो काटा बघणारा ऑपरेटर शिफ्ट संपवून ज्या खोलीत झोपतो, तिथली आर्द्रता कुणीही कधी मोजलेली नाही. कारखानदारांना माझं सांगणं आहे, तुमच्याकडे मोजायची उपकरणं आहेत, सुरक्षा अधिकारी आहेत, सामाजिक दायित्वाचा निधी आहे. तुमची माणसं जिथे राहतात त्या खोल्या एकदा पावसाळ्यात मोजा. कंत्राटी कामगारही त्यात धरा.

घरात करण्यासारखं आहे ते थोडक्यात सांगतो. आर्द्रता दाखवणारा छोटा मापक काही शे रुपयांत मिळतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. मुलाची गादी बाहेरच्या भिंतीपासून लांब घ्या. झोपायच्या खोलीत कपडे वाळत घालू नका. दुसरी जागाच नसेल तर पंखा लावून खिडकी उघडी ठेवा. लोक विचारतात, बाहेरही दमटच आहे, मग खिडकी उघडून काय होणार? बाहेरची २३ अंशांची, ९० टक्के दमट हवा आत येऊन २७ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता सत्तरच्या आसपास उतरते. तेवढा फरक बुरशीला रोखायला पुष्कळ असतो. साफ करताना कोरडा ब्रश मारू नका, बीजाणू घरभर उडतात. मास्क लावा, मुलांना आणि दमेकऱ्यांना बाहेर पाठवा, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुसा, फडकं फेकून द्या. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून निघणारा क्लोरीन वायू बुरशीपेक्षा भयंकर आहे. आणि पाणी थांबल्याशिवाय रंगावर पैसे घालू नका.

माझ्या डॉक्टर मित्रांना एकच विनंती. पावसाळ्यात खोकणारा पेशंट आला की दोन प्रश्न विचारा: घरात ओल आहे का, आणि गावी गेल्यावर बरं वाटतं का? मी अकरा भेटींत विचारले नव्हते.

सभागृहाच्या दाराशी टेबलावर कोरे कागद आणि पेनं ठेवली आहेत. नाव लिहू नका. वस्ती कोणती, मजला कितवा, छत स्लॅबचं की पत्र्याचं, ओल कुठल्या भिंतीला आणि घरात कुणी खोकतं का, एवढंच लिहा. ते कागद वस्तीनुसार लावून मी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि चाकण परिसरातल्या ग्रामपंचायतींकडे घेऊन जाणार आहे. आज लिहिता आलं नाही तर रात्री घरी कपाट सरकवून बघा आणि उद्या आणून द्या. टेबल आठवडाभर इथेच राहील.